धुरजड गाडीचा कारागीर

अकोल्याहून राजूरकडे निघाले की विठ्याचा घाट लागतो. घाट तसा मोठा नाही. कसारा किंवा माळशेज यांच्या पंगतीत त्याला कुणी बसवणार नाही. पण पावसाळ्यात समोरून भंडारदऱ्याचे पर्यटक आणि मागून भाजीपाल्याची पिकअप अशी कोंडी झाली की या घाटात प्रत्येक मोटारीचा स्वभाव उघडा पडतो. एखादी गाडी वळणाला चिकटून जाते, एखादी नाक बाहेर काढते, एखादीची पुढची चाके ओल्या चढावर जागच्या जागी फिरतात. यातल्या बहुतेक लहान गाड्यांचे बॉनेट उघडले तर आत इंजिन आडवे बसवलेले दिसेल, आणि त्याची ताकद पुढच्याच दोन चाकांना दिलेली असेल. ही मांडणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी तरी एके काळी बसून ठरवली असेल, असे मनातसुद्धा येत नाही.

जगभर ती ज्याच्यामुळे रुजली तो माणूस म्हणजे अलेक इसिगोनिस. १९०६ साली जन्मला, १९८८ साली वारला. त्याची मिनी ही मोटार आपल्याकडच्या रस्त्यांवर फारशी आली नाही, म्हणून त्याचे नावही आपल्या घरांत पोचले नाही. मी काही इंजिनिअर नव्हे. हयात बँकेत गेली, त्यातली काही वर्षे अकोल्याच्या शाखेत. मोटारीशी माझा संबंध कर्जाच्या फायलीपुरता. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसांचा नाद असतो, आणि गणितात तीनदा नापास झालेला हा निर्वासित मुलगा मोटारींचे शास्त्र बदलतो कसा, या गोष्टीने मला फार दिवस धरून ठेवले आहे.

त्याच्याकडे वळण्याआधी आपल्या घरची एक गोष्ट आठवू. बैलगाडी भरणारा माणूस गाडीत माल कसा टाकायचा हे जाणून असतो. पुढे जास्त भरला तर गाडी धुरजड होते, जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त भरला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय जमिनीवर नीट ठरत नाहीत. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार म्हणजे इंजिनाची बैलगाडीच. मागच्या चाकांनी चालणारी गाडी हातगाडीसारखी मागून ढकलली जाते, ही पुढून ओढली जाते. इंजिन, गिअर सगळे पुढे असल्याने रिकामी असताना ती धुरजड असते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान कोंबले की उलाळीकडे झुकते. एकाच गाडीच्या या दोन अवस्था सांभाळायच्या कशा, हा इसिगोनिसच्या आयुष्यभराचा धंदा होता असे म्हणायला हरकत नाही.

त्याचा जन्म स्मर्ना शहरातला. आज ते तुर्कस्तानातले इझमिर. घराणे ग्रीक, आजोबांनी इंग्रजांच्या रेल्वेत काम करून ब्रिटिश नागरिकत्व मिळवलेले. वडील कॉन्स्टंटाइन यांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. आई हुल्डा बव्हेरियातली जर्मन. कारखान्याच्या आवारात वाढलेल्या या मुलाचे खाऊनपिऊन सुखी बालपण १९२२ च्या सप्टेंबरात एका आठवड्यात संपले. तुर्की फौज शहरात शिरली, स्मर्ना पेटले, आणि ब्रिटिश नागरिक म्हणून इसिगोनिस कुटुंबाला आरमाराच्या जहाजाने माल्टा बेटावर नेण्यात आले. घर, कारखाना, सगळे मागे राहिले. वडील आजारी होते, ते माल्टातच गेले. १९२३ साली आई आणि सोळा वर्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये उतरले तेव्हा त्यांच्यापाशी ओळखीदेखील फारशा नव्हत्या.

हुल्डाबाईंनी मुलाला लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये घातले. चित्र काढण्यात, यंत्राची आकृती कागदावर उतरवण्यात तो पटाईत. गणिताच्या परीक्षेत मात्र तीनदा आपटला. गणिताविषयीचा राग त्याने पुढे आयुष्यभर जपला. शुद्ध गणित हे कल्पक माणसाचे शत्रू आहे, असे तो मोठा झाल्यावर खुशाल सांगत असे. हे मला पटत नाही. त्याच्या हाताखालच्या माणसांनी आकडेमोड केली नसती तर त्याची चित्रे चित्रेच राहिली असती. पण त्याचा हात हेच त्याचे गणित होते, एवढे खरे.

याच काळात सिंगर कंपनीच्या एका मोटारीत आईला बसवून त्याने युरोपचा दौरा केला. गाडी वाटेत पुन्हा पुन्हा मोडली. पुढे त्याने एक छोटी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि शर्यतींत उतरला. मग आपला मित्र जॉर्ज डाउसन याच्यासह त्याने स्वतःच एक शर्यतीची गाडी बांधायला घेतली. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, बहुतेक काम हाताने. १९३८ च्या सुमारास ती पुरी झाली. वजन कमीत कमी ठेवायचे म्हणून वेगळी चौकट न करता गाडीचे अंगच चौकटीचे काम करील असे केले, आणि चाकांखाली पोलादाऐवजी रबर लावले. चढणीच्या शर्यतींत ही चिमुकली गाडी भारी गाड्यांना घाम फोडी. त्याचे पुढचे सगळे काम या गाडीत बीजरूपाने आहे: वजन उतरवा, चाके कोपऱ्यांत ढकला, आणि रबरावर विश्वास ठेवा.

१९३४ साली तो कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत लागला, १९३६ साली मॉरिसमध्ये. दोन्हीकडे काम एकच, चाकांखालची लवचिक जोडणी. ज्याला आपण सस्पेन्शन म्हणतो ते. तोवर पुढची दोन चाके एकाच आडव्या आसाने बांधलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे वाकडे होई आणि स्टिअरिंग हातात थरथरे. दोन्ही चाके स्वतंत्र लटकवायची, म्हणजे एकाचे दुःख दुसऱ्याला कळू नये, हा त्या काळचा नवा विचार होता. इसिगोनिस त्यात मुरला.

दुसऱ्या महायुद्धात मॉरिस कंपनी लढाईचे काम करत असताना तो एका लहान मोटारीची चित्रे काढत होता. तीच १९४८ ची मॉरिस मायनर. तिची गोष्ट मोठी मजेची आहे. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धी थोडी थोडी दूर सरकवत नेली, आणि नजरेला पटले तिथे थांबला. फट चार इंचांची होती. बॉनेटच्या मधून गेलेली ती सपाट पट्टी मायनरच्या कपाळावर कायम राहिली. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी दिसायला अजिबात आवडली नाही. पण इंजिन पुढे सारलेले, चाके त्या काळच्या मानाने लहान, पुढच्या चाकांखाली स्प्रिंगऐवजी पिळ घेणाऱ्या पोलादी सळया आणि नेमके वळणारे स्टिअरिंग, यांमुळे ती रस्त्यावर अशी शहाण्यासारखी चाले की दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

ही मायनर आपल्याकडे बेबी हिंदुस्तान म्हणून आली. तिच्याच कुळातली मॉरिस ऑक्सफर्ड ही हिंदुस्तान मोटर्सने १९५७ पासून अँबॅसिडर म्हणून काढली आणि २०१४ पर्यंत काढत राहिली. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या पांढऱ्या अँबॅसिडरमधून ज्यांनी तालुक्याचे दौरे केले, ते नकळत या घराण्याचे पाहुणे होऊन गेले आहेत.

१९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आल्या. इसिगोनिसला हे लग्न मानवले नाही. तो अल्व्हिस या लहान कंपनीत गेला. तिथे एक मोठी गाडी रचली, पण पैशाअभावी ती बाहेर आलीच नाही. तीन वर्षे वाया गेली असे वरवर दिसते. पण याच वर्षांत त्याची अलेक्स मोल्टन या रबराच्या धंद्यातल्या इंजिनिअरशी जोडी घट्ट झाली. १९५५ च्या अखेरीस नव्या कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्याला परत बोलावले.

१९५६ साली सुएझ कालवा बंद झाला. ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले, लोक तीन चाकांच्या जर्मन बुडबुड्या गाड्या घेऊ लागले. लॉर्ड चिडले. १९५७ च्या मार्चमध्ये त्यांनी इसिगोनिसला सांगितले, बाकी कामे बाजूला ठेव आणि खरीखुरी लहान मोटार दे. अट एवढीच की इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचे. इसिगोनिसने स्वतःला आणखी एक अट घातली. लांबी दहा फूट, आणि त्यातली आठ फुटांहून अधिक जागा माणसांची व सामानाची.

आता चार माणसे आठ फुटांत बसवायची तर इंजिनाला उरते काय? त्याने इंजिन आडवे केले आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच घातला. आडवे इंजिन किंवा पुढची चाके चालवणे हा काही त्याचा शोध नव्हता. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने १९३१ सालीच दोन्ही एकत्र केले होते, आणि सित्रोएनची पुढून ओढणारी गाडी १९३४ पासून फ्रान्सभर धावत होती. चार सिलिंडरचे नेहमीचे इंजिन घेऊन, सामान्य माणसाच्या किमतीत, इतक्या थोड्या जागेत हे बसवणे मात्र त्याचे. (गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली न ठेवता शेजारी ठेवण्याची सुटसुटीत पद्धत १९६४ साली इटलीच्या दान्ते जाकोसाने रुळवली आणि आपल्या मारुतीत तीच आली. हा जाकोसा म्हणजे ज्या फियाट अकराशेपासून कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी झाली, तिचा जनक. आपल्या दोन्ही जुन्या गाड्यांच्या घराण्यांतले कर्ते पुरुष शेवटी पुढच्या चाकांकडेच वळले, हा योग मला फार आवडतो.)

चाके त्याने दहा इंचांची घेतली. डनलॉपने त्यासाठी मुद्दाम टायर बनवले. चाके गाडीच्या अगदी कोपऱ्यांत गेली आणि तिथेच खरा प्रश्न आला. गाडीचे वजन सहाशे किलोच्या आसपास. तीत चार माणसे आणि सामान बसले की निम्म्याहून अधिक वजन एकदम वाढणार. ट्रकसारखी कडक स्प्रिंग लावली तर रिकाम्या गाडीत दात वाजतील. मऊ लावली तर भरलेली गाडी बूड टेकेल. मोल्टनने यावर रबराचा शंकू दिला. थोडा दाबला की मऊ, जास्त दाबला की आपोआप कडक. शिवाय तो इतका आखूड की चाकाजवळच्या कोपऱ्यात मावून जाई. बॅटरी त्यांनी पुढे न ठेवता मागे डिकीत नेली. धुरजड गाडीत मागे थोडे ओझे सरकवण्याची ही युक्ती आपल्या गाडीवानाने शिकवली असती तरी शोभली असती.

जुलै १९५८ मध्ये लॉर्डनी कारखान्याच्या आवारात गाडीतून एक छोटी फेरी मारली आणि वर्षभरात ती विक्रीला आणण्याचा हुकूम दिला. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी लोकांपुढे आली. किंमत करासह पाचशे पौंडांच्या आत. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी पायाशी साचे, तरी ती हळूहळू चालली, आणि मग अशी पळाली की गिरणी कामगारापासून सिनेनटांपर्यंत सगळ्यांच्या दारात उभी राहिली.

इथे माझ्या भाच्याला आणावे लागते. तो राजूरला असतो. त्याने मध्यंतरी एक जुनी स्विफ्ट घेतली आणि लगेच तिचे सस्पेन्शन बदलायचे डोक्यात घेतले. मामा, वळणावर गाडी बाहेर जाते, कडक स्प्रिंगा टाकतो आणि गाडी दोन इंच खाली घेतो, असे तो मला फोनवर सांगत होता. त्याच गाडीतून माझी बहीण, सून आणि वर्षाचे मूल आठवड्यातून दोनदा संगमनेरला जातात. म्हणून मी जरा खोलात गेलो. संगमनेरच्या एका जाणत्या मिस्त्रीजवळ बसलो, पुस्तके चाळली. जे समजले ते इसिगोनिसच्या गोष्टीहून वेगळे नव्हते.

पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढच्या दोन टायरवर दुहेरी ओझे असते, गाडी ओढायची आणि वळवायचीही. टायरची पकड ठरावीक. ओढण्यात खर्च झाली तितकी वळण्यासाठी कमी. म्हणून वळणात ॲक्सिलरेटर दाबला की नाक बाहेर जाते. अशा वेळी पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर वळणात बाहेरच्या टायरवर आणखी भार येतो आणि नाक आणखीच बाहेर जाते. म्हणजे औषधाने रोग वाढतो. शर्यतवाले उलटे करतात. ते मागची बाजू कडक करतात. मागच्या दोन चाकांना जोडणारी जाड सळई टाकतात, म्हणजे पुढच्या टायरना उसंत मिळते आणि नाक आत येते. पण त्याचीही किंमत आहे. ओल्या घाटात वळणामध्ये घाबरून एकदम पाय काढला तर अशा गाडीची शेपूट फिरते. शर्यतीच्या पठ्ठ्याला ते हवेच असते. मांडीवर मूल घेतलेल्या सुनेला नको असते.

गाडी खाली घेतली तर स्प्रिंगला दबायला जागा राहत नाही, आणि आपल्याकडचे गतिरोधक कुठल्या मापाने घालतात हे मी अकोलेकरांना सांगायला नको. उलट कित्येक जण खालून घासते म्हणून स्प्रिंगवर ठोकळे टाकून गाडी उंच करतात. त्याने ती वळणात जास्त कलते, आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे दांडे तिरपे पडून त्यांचे सांधे लवकर झिजतात. पूर्ण वळवल्यावर चाकातून कटकट आवाज येऊ लागला की समजावे, सांधे गेले.

मिस्त्रीने सांगितलेला क्रम साधा होता. आधी चांगले टायर आणि त्यांतली हवा. मग झिजलेले रबरी बुश, मग चाकांचे अलाइनमेंट. शॉकॲब्सॉर्बर बदलायचे ते जोडीने. शॉकॲब्सॉर्बरचे काम गाडी उचलून धरण्याचे नसते, ते स्प्रिंगचे; याचे काम उसळी जिरवण्याचे. तेल गळलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर नवी कडक स्प्रिंग टाकणे म्हणजे उधळ्या बैलाची वेसण काढून घेणे. एवढे करूनही स्प्रिंगच बदलायची असेल तर जिचे वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात अशी घ्यावी. ती आधी मऊ आणि भार वाढला की कडक होते. हे ऐकताना मला मोल्टनचा रबरी शंकू आठवला. निवृत्त बँकवाला म्हणून मी एक पुस्ती जोडली, की मूळ रचनेत फेरफार केला तर विमा कंपनीला कळवून लेखी ठेव, नाहीतर दाव्याच्या वेळी तोंड लपवावे लागेल. भाच्याने चार टायर, बुश आणि मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर एवढ्यावर भागवले. उरलेल्या पैशाचे काय केले ते मी विचारलेले नाही.

इसिगोनिसचेही असेच होते. शर्यतीत मुरलेला असूनही मिनीची शर्यतगाडी करावी हे त्याला पटेना. त्याच्या लेखी ती घरगुती माणसाची गाडी होती. शर्यतीच्या मोटारी बनवणारा त्याचा मित्र जॉन कूपर मात्र तिच्या वळण्यावर भाळला होता. त्याने वरिष्ठांकडून परवानगी काढली आणि १९६१ साली मिनी कूपर आली. इंजिन वाढवले, पुढे डिस्क ब्रेक लावले. सस्पेन्शनला फारसे काही करावेच लागले नाही. बर्फाळ डोंगरी रस्त्यांवरची माँटे कार्लोची रॅली तिने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. १९६६ सालीही पहिल्या तीन जागा तिच्याच होत्या, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून तिन्ही गाड्या बाद केल्या गेल्या. इंग्लंडमध्ये त्यावरून जो गहजब झाला त्याने मिनीची जाहिरात विजयापेक्षा जास्त झाली.

त्यानंतर मोल्टन आणि इसिगोनिस यांनी रबराला पाण्याची जोड दिली. पुढचे आणि मागचे चाक नळीने जोडलेले. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे ढकलला जाई आणि मागची बाजूही उचलली जाई, म्हणजे गाडी डुलत नसे. १९६२ साली ही योजना त्यांच्या अकराशे सीसीच्या गाडीत आली आणि ती गाडी ब्रिटनमध्ये बरीच वर्षे सर्वाधिक खपली. १९६४ साली मिनीलाही तीच बसवली. पण खर्चाच्या मानाने मिनीत फायदा दिसेना, तेव्हा काही वर्षांनी कंपनी पुन्हा साध्या रबरी शंकूवर आली.

मान मिळत गेला. १९६७ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, गणितात नापास झालेल्या मुलाने ही पंगत गाठली. १९६९ साली सर झाला. पण मला वाटते याच वर्षांत तो ऐकेनासा झाला होता. लोकांना काय हवे ते विचारू नये, आपण ठरवावे, अशी त्याची वृत्ती मुळातलीच. आरामशीर आसनांना त्याचा विरोध. अवघडून बसलेला चालक जागा राहतो असे त्याचे म्हणणे. मिनीत ही हेकेखोरी खपली, कारण तिथे प्रत्येक इंचाला कारण होते. नंतरच्या मोठ्या गाड्यांत, १९६४ ची अठराशे आणि १९६९ ची मॅक्सी, जागा प्रशस्त होती, रस्त्यावरची चालही उत्तम, पण रूप रुक्ष. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. मिनीच्या प्रत्येक गाडीमागे कंपनी तोटाच सोसत होती, असे फोर्डवाल्यांनी ती सुटी करून हिशेब मांडला होता म्हणतात. कर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाला हे वाचून हुरहुर वाटते. इतकी देखणी रचना, आणि ताळेबंदात तिची कदर नाही.

१९६८ साली कंपनी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली. नव्या कारभाऱ्यांनी त्याला मोठ्या नावाच्या पण अधिकार नसलेल्या खुर्चीत बसवले. १९७१ साली तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्याने सर्वांत मोठा मेकॅनोचा संच मागून घेतला. पुढच्याच वर्षी आई गेली. स्मर्नाच्या जहाजापासून ती त्याच्याबरोबर होती. त्याने लग्न केले नव्हते, दोघे शेवटपर्यंत एकाच घरात राहिले. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या त्या घरी तो सल्लागार म्हणून काम करत राहिला. मिनीहून साधी, गिअर नसलेली मिनी बनवावी असा त्याचा ध्यास होता. नमुने तयार झाले. ते कुणी उत्पादनात घेतले नाहीत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. आडवे इंजिन, पुढची चाके ओढणारी, चाके कोपऱ्यांत, चार माणसांच्या कुटुंबाला परवडणारी. २ ऑक्टोबर १९८८ रोजी तो वारला. मिनी त्याच्यानंतर बारा वर्षे निघत राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडली, तोवर त्रेपन्न लाखांहून अधिक झाल्या होत्या. त्या शेवटच्या गाडीच्या चाकांखालीही मोल्टनचे रबरी शंकूच होते.